इंजिनामागच्या जत्रा

आमच्या वयाच्या बहुतेकांना सुटी म्हटलं की मामाचं गाव आठवतं. आम्हा चुलत भावंडांना डिझेलचा वास आठवतो. भोकरदन तालुक्यातल्या पूर्णेकाठच्या एका वाड्यात आम्ही दहा-बारा लेकरं एकाच चुलीवर वाढलो. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे नाना, इंजिनाचे मिस्तरी. चैत्र लागला की नाना आपलं ऑइल इंजिन भाड्यानं जत्रेला न्यायचे, आणि नाना निघाले की निम्मं घर त्यांच्या मागं निघायचं. एका बैलगाडीला तट्ट्याचं छप्पर, तिच्यात बायका, लेकरं, भांडीकुंडी. दुसऱ्या बैलजोडीला इंजिनाचा गाडा. घर चाकांवर घालून हिंडायचं आणि जिथं इंजिनं जमतील तिथं मुक्काम टाकायचा, अशी आमची सहल. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपर वाचून आमच्या धाकट्या आत्यानं विचारलं, "मग आपण काय करत होतो?" तिचं खरं होतं. आम्ही तेच करत होतो, आणि त्याची नोंद आमच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तो काळ आधी सांगायला हवा. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. १ मे १९८१ ला तो झाला, तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळानं गावोगाव विहिरी खोल गेल्या होत्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेल्या माणसांच्या मनात एकच गोष्ट होती, विहिरीतलं पाणी वर आलं पाहिजे. मोटेला बैलजोडी लागायची, हाकणारा लागायचा, आणि दिवसभर धावेवर खेपा घालूनही वावराचा एक कोपरा भिजायचा. पाणी तळाला गेलं की मोटेचं काही चालायचं नाही. वीज शिवारापर्यंत यायला अजून अवकाश होता. मधल्या त्या वर्षांत इकडची बागायत ज्याच्या जिवावर उभी राहिली ते ऑइल इंजिन. आज जालन्याचं नाव मोसंबीसाठी घेतात, २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यातल्या कितीतरी जुन्या बागांना पाण्याची पहिली पाळी इंजिनानं दिली, हे मोसंबीवरच्या लेखांत सहसा येत नाही.

शिवारात तेव्हा तीन घराण्यांची इंजिनं होती. पुण्याचं किर्लोस्कर, साताऱ्याचं कूपर आणि राजकोटची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. तिचं ५ हॉर्सपॉवरचं इंजिन चणीनं लहान आणि चालीनं चपळ, मिनिटाला १५०० फेरे घेणारं. राजकोटच्या कारखान्यांनी मात्र जुनी, संथ चालीची धाटणी धरली होती. ही धाटणी मूळची इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची, १९३० च्या सुमाराची. एक सिलिंडर, दोन्ही अंगांना दोन अवजड चाकं, ६ हॉर्सपॉवर, मिनिटाला फक्त ६५० फेरे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके. आमचं इंजिन या धाटणीचं, राजकोटचं. नाना म्हणायचे, "जे हळू चालतं ते लांब जातं." किर्लोस्करवाल्यांना ते पटायचं नाही, आणि त्यावरून जत्रेत रात्र रात्र वाद चालायचे.

आवाजावरून इंजिन ओळखणं हा आमचा खेळ होता. अंधारात गाडीत पडल्या पडल्या शिवारातून आवाज यायचा आणि थोरला भाऊ सांगायचा, "किर्लोस्कर. रिंगा गेल्यात." नाना गाडीच्या पुढून म्हणायचे, "रिंगा नाही, नोझल." दुसऱ्या दिवशी कोणाचं खरं ते कळायचं, कारण वाटेवरचे शेतकरी नानांना थांबवून इंजिन दाखवायचेच.

इंजिन सुरू करणं हे आमच्या घरात मोठं होण्याचं लक्षण होतं. आधी डिझेल पंपाचा खटका हातानं दाबायचा. नोझलातून 'कर्र' असा बारीक आवाज आला की डिझेलचा फवारा नीट पडतोय असं समजायचं; नाना म्हणायचे, नोझल बोललं पाहिजे. मग डोक्यावरची कळ उचलून धरायची, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब राहत नाही आणि चाक मोकळं फिरतं. हँडल घालून फिरवत जायचं, चाकांना वेग आला की कळ खाली टाकायची. एक जाड ठोका, धुराचा काळा गोळा, दुसरा ठोका, आणि मग लय. हँडल धरताना अंगठा मुठीला वेढायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे नानांनी प्रत्येकाला हातात हात घेऊन शिकवलं. इंजिन उलटं फिरलं तर वेढलेला अंगठा मोडतो. आमच्यातल्या दोघी बहिणींनीही हँडल मारलं, आणि नानांनी त्यांना कधी बाजूला उभं केलं नाही. त्या काळात, त्या गावात, ही साधी गोष्ट नव्हती.

जायची तयारी पाडव्याच्या आधीच सुरू व्हायची. पाडव्याला गुढी उतरली की दुसऱ्या पहाटे गाड्या जुंपायच्या, कारण रामनवमीला जांबला पोचायचं असे. जांब समर्थ म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव, घनसावंगी तालुक्यात, आमच्या गावापासून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पाडवा ते नवमी, मध्ये जेवढे दिवस मिळतील तेवढे मुक्काम. परीक्षा तोंडावर असायची. गुरुजी रजा द्यायला नाखूश, पण आजोबा स्वतः शाळेत जाऊन सांगायचे की लेकरांचं दप्तर गाडीत आहे आणि जिथं जातायत ते रामदासांचं गाव आहे. दप्तर खरोखर गाडीत असे. आमच्या मधल्या भावानं पावकी-निमकी इंजिनाच्या ठोक्यावर पाठ केली ती त्याला अजून येते.

मोठी माय, म्हणजे आमची आजी, गाडीचं सगळं बघायची. साट्यावर आधी कडब्याचा थर, त्यावर वाकळा. बाळंतीण असली तर तिला मागची, कमी हिंदकळणारी जागा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, कांदे, एका मडक्यात लोणचं. पाण्याचा डेरा गाडीच्या खाली टांगलेला. तिच्या हिशेबात बैलांची पेंड आधी यायची आणि माणसांचं पीठ मागून. इंजिनाच्या गाड्यावर डिझेलचे डबे, पट्ट्याची गुंडाळी, राळेची पुडी, पान्हे, एक जुनी पाण्याची टाकी. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, त्या गाड्याला निघताना हळद-कुंकू लावायच्या आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या अवजड चाकावर, नारळ फोडायच्या.

पहिला मोठा मुक्काम राजूरला. राजूरचा गणपती हे साडेतीन गणेशपीठांपैकी एक पूर्णपीठ मानतात, आणि अंगारकीला तिथं जी गर्दी लोटते तशी गर्दी आमच्या मुलुखात दुसरीकडे क्वचितच. आम्ही जायचो तेव्हा गर्दी नसायची. टेकडीवरच्या देवळात दर्शन, खाली झाडाखाली स्वयंपाक. राजूरच्या वाटेवर नानांना हमखास एक-दोन इंजिनं दुरुस्तीला मिळायची. त्यांनी हेड उघडलं की आम्ही भोवती बसायचो. वाल्व्ह घासायची पेस्ट लावून, काठीच्या टोकाला रबर बसवून, तळहातांत ती काठी घुसळत नाना वाल्व्ह बसवायचे. मजुरी कधी पैशांत, कधी ज्वारीत, कधी नुसत्या जेवणात. मोठी माय म्हणायची, "तुमच्या नानाला पैसे मागता येत नाही." ती हे तक्रारीनं म्हणायची की कौतुकानं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मग जालना. लहानपणी जालना म्हणजे आमच्यासाठी जगातलं सर्वांत मोठं शहर. 'जालना सोने का पालना' ही म्हण आजोबा गाव दिसायला लागलं की हटकून म्हणायचे. मोती तलावाच्या अंगाला बैल सोडायचे, आणि नाना गांधी चमनच्या पलीकडं सुट्या भागांच्या दुकानांत जायचे. गॅस्केट, रिंगांचा सेट, नोझलची पिन. दुकानदार वस्तू कागदात गुंडाळून देई, आणि तो ग्रीस लागलेला कागद आमच्यापैकी कोणीतरी जपून ठेवी, कारण त्यावर इंजिनाचं चित्र असे.

पण जालन्याचं खरं आकर्षण स्टेशन. मनमाडकडून सिकंदराबादकडे जाणारी ही लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास झालेली, मीटरगेज. तिच्यावर वाफेची इंजिनं चालायची. आजोबा आम्हाला सगळ्यांना रांगेनं स्टेशनवर न्यायचे. इंजिन पाणी प्यायला थांबायचं, वरून चामड्याची जाड सोंड टाकीत सोडायचे, खाली कोळशाची राख झाडायचे, आणि ड्रायव्हर आमच्याकडं बघून एक शिटी द्यायचा. नाना त्या इंजिनाकडं निराळ्या नजरेनं बघत. चाकाच्या दांड्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "याची आग बाहेर असते, आपल्याची आत." डिझेल इंजिन आणि वाफेचं इंजिन यांतला फरक पुढं आम्ही इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत वाचला, पण त्या एका वाक्याहून जास्त काही कळलं असं वाटत नाही. ती लाइन १९९० नंतरच्या वर्षांत रुंद झाली. आता तिथून वेगवान गाड्या जातात आणि ते बरंच झालं. लोकांची सोय झाली. एवढंच, की स्टेशनवर लेकरांना नुसतं इंजिन बघायला नेणारे आजोबा आता दिसत नाहीत.

अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीखाली एक रात्र, मग घनसावंगी, मग जांब. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी गाड्या मिळायला लागायच्या. काही आमच्यासारख्या छपराच्या, काही उघड्या, काहींच्या मागं इंजिनाचे गाडे. मिस्तरी एकमेकांना लांबूनच ओळखायचे. कोणी अंबडकडचा, कोणी परतूरकडचा, कोणी थेट गेवराईचा. वर्षातून याच एका ठिकाणी त्यांची गाठ पडायची.

रामाच्या देवळाकडं जत्रा भरायची आणि तंबूंच्या मागच्या अंगाला इंजिनांची रांग लागायची. यात्रेकरूंना ती रांग दिसायची नाही; आमचा सगळा मुक्काम त्या रांगेतच. एक इंजिन पिठाच्या गिरणीला, एक लाउडस्पीकर आणि दिव्यांच्या डायनमोला, दोन-तीन रसवंत्यांना, एक तंबूतल्या सिनेमाला. आमचं इंजिन दिवसा रसवंतीला आणि रात्री सिनेमाला. दुपारी उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले की आम्ही पेले घेऊन उभे. मालक आमच्याकडून पैसे घेत नसे. इंजिनवाल्याची लेकरं हा जत्रेत एक दर्जा होता.

त्या रांगेत मिस्तऱ्यांची आपसांत पैज लागायची. कुणाचं इंजिन एका हँडलात उठतं, कुणाचं किती वेळ भार घेऊन धूर न टाकता चालतं, आणि सर्वांत अवघड म्हणजे कुणाचं इतकं संथ चालतं की प्रत्येक ठोका मोजता येईल आणि तरी बंद पडत नाही. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग हलक्या हातानं सैल करत, चाक जवळजवळ थांबतंय असं वाटेपर्यंत वेग उतरवायचा. पन्नास-साठ माणसं श्वास धरून ठोके ऐकायची. यात नाना अनेकदा जिंकले. एकदा परतूरकडच्या एका वयस्क मिस्तऱ्यानं त्यांना हरवलं, तेव्हा नानांनी त्याच्या पायाला हात लावला आणि रात्री जेवायला आमच्या गाडीवर आणलं. तो माणूस जेवताना एकही शब्द बोलला नाही. हात धुतल्यावर आमच्या इंजिनाला हात लावून, "रॉकरला तेल कमी पडतंय," एवढं सांगून गेला. खरोखरच कमी पडत होतं.

इंजिन थंड ठेवायला विहिरीवर चालतं पाणी असतं, जत्रेत ते कुठून आणणार? म्हणून दोनशे लिटरचा एक पत्र्याचा ड्रम उंचावर ठेवायचा. खालच्या नळीतून गार पाणी इंजिनाच्या पोटात जायचं, तापून हलकं झालेलं वरच्या नळीनं पुन्हा ड्रमात. पंप नाही, काही नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, एवढ्यावर ते चाले. रात्रभर सिनेमा चालला की पहाटे ड्रमचं पाणी कडकडीत. काकू आणि आमच्या आया त्यातून बादल्या भरून आडोशाला लेकरांना न्हाऊ घालायच्या. जत्रेत चुलीला लाकडं मिळायची मारामार, आणि इथं शेजारच्या गाड्यांतल्या बाया बादल्या घेऊन आमच्याकडं रांग लावायच्या. एका बाळंतिणीला तर काकूंनी पाच दिवस त्याच पाण्यानं शेकलं. त्या पाण्याला थोडा लोखंडाचा वास यायचा. आमच्या सगळ्या बहिणी आजही सांगतात, गिझरच्या पाण्यात ती ऊब नाही. हे शास्त्राला धरून नसेल, पण आम्ही कोणी त्यांना खोडत नाही.

सिनेमाची गोष्ट सांगितल्याशिवाय जांब पुरं होत नाही. तंबूत मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. आमची जागा मात्र मशीनच्या मागं. 'सोंगाड्या' आम्ही तिथंच पाहिला, 'जय संतोषी माँ' तिथंच. 'संतोषी माँ' लागला त्या रात्री बाया तंबूच्या दारात चपला काढून आत गेल्या, पडद्यासमोर नाणी पडली. ऐन रंगात बाहेर एक फटका ऐकू आला आणि अंधार झाला. पट्टा तुटला होता. आतला कालवा वाढायला लागला. नानांनी कळ उचलली, इंजिन थांबवलं, दातांत बॅटरी धरली, पट्ट्याची दोन्ही टोकं सुरीनं सरळ कापली, नव्या पिना ठोकल्या, पट्टा चढवून राळ टाकली आणि थोरल्याला म्हणाले, "मार हँडल." थोरल्यानं त्या रात्री पहिल्यांदा एकट्यानं इंजिन उठवलं. पडद्यावर उजेड आला तेव्हा आतून जयजयकार झाला तो देवीचा. पण थोरला सांगतो, त्याला तो आपलाच वाटला होता.

नाना इंजिनाशेजारीच वाकळ टाकून झोपत. एवढ्या आवाजात झोप कशी लागते, असं लोक विचारत. लागायची, आणि गाढ लागायची. पण इंजिनाची लय जराशी बदलली, भार वाढला, टाकीत डिझेल तळाला गेलं, की ते ताडकन उठून बसत. शांततेत मात्र त्यांना झोप येत नसे. म्हातारपणी वाड्यात वीज आली, पंखा लागला, तेव्हा त्यांनी तो पंखा मुद्दाम खडखडता ठेवला.

रामनवमीला दुपारी बाराला रामजन्म. देवळात कीर्तन रंगात आलेलं असे. बाराला थोडा वेळ राहिला की नाना आपलं इंजिन बंद करायचे. त्यांचं बघून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. रसवंत्या थांबायच्या, गिरणी थांबायची. रात्रंदिवस कानांत भरलेला आवाज एकदम गेला की अंगावर काटा यायचा, आणि त्या शांततेत देवळातला गजर स्वच्छ ऐकू यायचा. सुंठवडा वाटला गेला की रांगेतली सगळी इंजिनं एकामागून एक पुन्हा उठायची. आमच्यातला कोणीही, कुठल्याही देशात असला तरी, रामनवमीला दुपारी बाराला हातातलं काम थांबवतो. घरातला हा नियम कुणी लिहून दिलेला नाही.

परतीच्या वाटेवर हनुमान जयंतीच्या गावजत्रा, एखादं लग्न, कुठं विहिरीवर अडलेलं इंजिन. गाडीत दप्तरं बाहेर निघायची, कारण आता परीक्षा खरोखर जवळ आलेली असे.

हे सगळं किती वेगानं गेलं! शिवारात खांब आले, विजेच्या मोटारी आल्या. बटण दाबलं की पाणी, मग हँडल कोण मारणार? बाया-बाप्यांचे कष्ट वाचले, आणि त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. जत्रेत जनरेटरच्या गाड्या आल्या, तंबूतला सिनेमा टीव्हीनं मागं सारला. फिरत्या सिनेमावाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातच वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. आम्ही भावंडांनी तो पाहिला तेव्हा सगळ्यांची नजर पडद्यामागच्या यंत्रांवरच होती. सिनेमावाल्यांची आठवण कुणीतरी जपली. त्यांना वीज पुरवणाऱ्या इंजिनवाल्यांची कुणी जपली नाही.

पुढं भारनियमनाची वर्षं आली, बारा-बारा तास वीज नाही, तेव्हा लोकांनी कोठ्यातली इंजिनं पुन्हा बाहेर काढली आणि नानांचे म्हातारे हात पुन्हा कामाला लागले. ती शेवटचीच खेप. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. विहिरींना पाणीच नाही, तर इंजिन कशाला? भंगारवाले टेम्पो घेऊन गावोगाव फिरले आणि इंजिनं वजनावर गेली. जालना हे आता लोखंडाचं शहर आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात आणि त्या दूरदूर जातात. या भट्ट्यांनी हजारो घरं चालवली आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या इंजिनांनी या जिल्ह्याला पाणी पाजलं, त्यातली कितीतरी याच जिल्ह्यात वितळली, ही गोष्ट आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

इंग्लंडात, जिथून लिस्टरची धाटणी आली, तिथं लोकांनी उलटं केलं. जुनी वाफेची आणि डिझेलची इंजिनं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं सुटीत राहत्या गाड्यांतून निघतात, मैदानात मुक्काम टाकतात, इंजिनं ओळीनं मांडून चालवतात, पोरांना चालवायला शिकवतात. डॉर्सेटचा वाफेच्या इंजिनांचा मेळा १९६९ मध्ये सुरू झाला आणि पुढं कित्येक दशकं लाखांनी माणसं तिथं लोटली. आमचा एक भाऊ तिकडं नोकरीला आहे. तो अशा एका लहान मेळ्याला गेला आणि तिथं त्याला एका रांगेत लिस्टर दिसलं. त्यानं मालकाला विचारून हँडल मारलं, अंगठा बाजूला ठेवून. त्याचा व्हिडिओ आला त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ठरवलं, की हे आपल्याकडं व्हायला पाहिजे.

आमचं इंजिन वाचलं ते काकूंमुळं. वाटण्या झाल्या तेव्हा ते विकून पैसे सारखे वाटून घ्यायची बोलणी निघाली होती. काकू म्हणाल्या, "त्याच्या पाण्यानं सगळी लेकरं न्हाली, त्याला किलोवर घालू नका." विषय तिथंच संपला. नाना गेले, काकू गेल्या. इंजिन वाड्यात आहे आणि चालू आहे. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते तेव्हा जमेल तेवढी भावंडं येतात, पुण्याहून, संभाजीनगरहून, नाशिकहून. नातवंडं ठोके मोजतात. गेल्या काही वर्षांत शेजारच्या गावांतली दोन-तीन इंजिनंही त्या दिवशी आमच्या अंगणात येऊ लागली आहेत, एक किर्लोस्कर, एक कूपर, आणि संथ चालीचा वाद पुन्हा सुरू झाला आहे.

आमचं मागणं मोठं नाही. जिल्ह्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकरी तिथं येतात-जातात. तिथं किंवा तशाच एखाद्या जागी एक शेड व्हावी, तीत मोट, चरक आणि या तिन्ही घराण्यांची चालती इंजिनं असावीत, आणि वर्षातून एकदा जिल्हाभरची इंजिनं एकत्र यावीत. जे मिस्तरी हयात आहेत त्यांना मानानं बोलवावं आणि त्यांचं ज्ञान लिहून घ्यावं. ही माणसं आता फार उरली नाहीत.

तोवर ज्यांच्या कोठ्यात इंजिन पडून आहे त्यांना विनंती, ते विकू नका. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, पाण्याच्या जागेतलं साचलेलं पाणी सोडून द्या, सिलिंडरमध्ये थोडं तेल घालून महिन्या-दोन महिन्यांनी चाक हातानं फिरवत राहा, म्हणजे पिस्टन धरणार नाही. आणि येत्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर घरातल्या लहानग्याच्या हातात एकदा हँडल द्या.